कंबरमोडी

बेटावदला बदली झाली तेव्हा
ट्रंकेत दोन गणवेश, एक कात्री,
आणि या रोपाचं एकच नाव होतं माझ्याकडे: दगडी पाला.
आमच्या संगमेश्वरात गडग्याच्या भेगांतून उगवतो,
म्हणून दगडी.

पहिल्याच आठवड्यात भटाबाई आली.
कडबा कापताना विळा अंगठ्यात,
अंगठ्यावर हिरवा लगदा, वर लुगड्याची चिंधी.
मी सलाईनची बाटली उचलली.
"धू नका सिस्टर, रंगत थांबेल शे."
थांबलं होतंच.
तरी धुतलं. मला तसं शिकवलंय.
ट्रेमध्ये हिरवं पाणी,
त्यात एका केसाळ पानाचा चावलेला काठ,
आणि जखमेच्या दोन्ही कडा
भांडण मिटलेल्या जावांसारख्या
शेजारी शेजारी, गप्प.

रजिस्टरात रकाने आहेत:
नाव, वय, कशाने कापलं, धनुर्वाताचं इंजेक्शन.
लगद्याला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहावं तर नावाचा घोळ.
भटाबाई म्हणते कंबरमोडी,
भिलाटीतला गुलाब म्हणतो जखमजोडी,
शाळेतली पोरं नाव घेतच नाहीत,
दांडीला पीळ घालून फूल उडवतात,
ज्याचं लांब जाईल तो जिंकला.
भटाबाईची सून पाला तेलात कढवते.
केस गळायचे थांबले नाहीत,
पण लावते.

मार्चात तपासणी लागली.
धुडकू खुरपं घेऊन आवार साफ करत सुटला,
गाजरगवत, आघाडा, तरोटा,
आणि नळापाशी येऊन थांबला.
"सिस्टर, हाई बी उपटी टाकू का?"
एक उंच दांडी, टोकाला फिकट पिवळं फूल,
पाकळ्यांना दात, जणू कुणी कातरीने खेळलंय.
"नको. ते शोभेचं आहे."
"हाई? शोभानं?"
हसला. खुरपं कमरेला खोचलं.
दुपारी बघते तर
रोपाभोवती पांझरेतले गोटे गोल मांडलेले,
गोट्यांना चुना,
आणि आळ्यात तांब्याभर पाणी.

साहेब आले, फ्रिजचं तापमान पाहिलं,
लसींच्या तारखा पाहिल्या,
जाताना नळापाशी घुटमळले.
"हे काय लावलंय?"
धुडकू आणि मी एकदमच बोललो,
दोन वेगळी नावं.
साहेबांनी पेन उघडलं होतं.
दोघांकडे पाहिलं,
आणि टोपण लावलं.