चौथी रांग

शिरोळला, जुन्या गोदामात,
अठ्ठेचाळीस कुंड्या, चार रांगा. सोयाबीन.
पहिलीला काहीच नाही; ती सुखात आहे,
तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.
दुसरीत पाणी, मातीच्या वर चार बोटं.
तिसरीत खारी माती.
चौथीत दोन्ही.
रोज सकाळी सातला मी पाट्या वाचत फिरते,
वॉर्डातल्या नर्ससारखी.
फक्त इथं कुणी कण्हत नाही.

खारी माती आदगोंडा पाटलांच्या कडेच्या वावरातली.
उन्हाळ्यात तिथं पापडखार सांडल्यासारखं दिसतं,
आणि श्रावणात पंचगंगा आली की लवकर उठत नाही.
पोतं उतरवून त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, थुंकले.
"आठ असंल बघा."
यंत्र म्हणालं, आठ पूर्णांक दोन.
शबनमनं यंत्र पुसलं, परत लावलं.
यंत्र तेच म्हणालं.

दुसरी रांग हुशार.
पाण्यात मूळ स्वतःला आतून पोखरतं,
पेशी मरू देतं, त्यांच्या जागी नळ्या होतात,
त्यातून पानाकडची हवा खाली उतरते.
तिसरीही कमी नाही.
दारात आलेलं मीठ मूळ मागं ढकलतं,
शिरलंच तर जुन्या पानात कोंडतं.
जुनं पान करपतं, शेंडा वाचतो.
(थोरल्या बहिणी करतात तसं, असं वहीत लिहिलं.
मग खोडलं.)

चौथीची बेरीज मला चुकली.
वाटलं होतं, पाण्याचं नुकसान इतकं, मिठाचं इतकं,
खाली रेघ मारायची.
पण मीठ ढकलायला दम लागतो,
आणि दम पाण्यानं आधीच काढून घेतलेला.
नको म्हणायलासुद्धा श्वास लागतो.
दार नुसतं उघडं राहतं.
पोटॅश बाहेर पाझरतं, सोडियम आत,
आणि वर पान दोन दिवस हिरवंच,
पाहुण्यांसमोर हसल्यासारखं.
तिसऱ्या दिवशी कडा बोटाखाली वाजतात.

वाडीला दक्षिणद्वार झालं त्या दुपारी
आदगोंडा छत्री मिटत आत आले.
"ह्यो प्रयोग आमच्या वावरानं कवाच केलाय.
कुंड्या तेवढ्या न्हवत्या."
रांगेवरून हात फिरवत गेले, एक्केचाळीसपाशी थांबले.

खोडाला, बरोबर पाण्याच्या रेषेवर,
पांढरे धागे. नवी मुळं.
खाली जायला तयार नाहीत;
पाण्याच्या कातडीला धरून आडवी चाललेली.
खालची जुनी सगळी काळी, नासक्या अंड्याच्या वासाची.

"ही जगंल?"
म्हटलं, बारातलं एक म्हणजे काहीच नाही.
अजून तीनदा करून बघावं लागेल.
"बारात एक," ते म्हणाले,
सौद्यात पहिला भाव ऐकावा तसं,
हो नाही, नाही नाही.

संध्याकाळी फोन आला, रात्रीत पाणी गावात शिरेल.
गोदामाच्या भिंतीवर मागच्या पुराची रेघ
माझ्या खांद्याला लागते.
साहेब म्हणाले, आधी कपाटं वर न्या.
शबनमनं न बोलता एक्केचाळीस उचलली.

प्रयोगाचे अजून दोन दिवस बाकी होते.
म्हणून तिकडून नदी येत असताना
आम्ही तिघं जिना चढत होतो, बेतानं,
एकेक कुंडी छातीशी धरून,
चार बोटं पाणी
सांडू न देता.