अनेरकाठी

रुमाल्याला तीर धरायला वेस्तानेच शिकवलं :
दोन बोटं, श्वास आत.
आपल्यात अंगठा लावत नाहीत.

त्या रात्री पोराचा श्वास आत राहीना.
खाली अनेरच्या वाळूत पलटणीचे कंदील,
वर पळसाआड आम्ही सतरा,
आणि हा हुंदक्यांत : घरी जातो, बाबा, घरी जातो.

वेस्ताने तळहात ठेवला त्याच्या तोंडावर.
आधी मायेनेच, मी पाहिलं.
मग उचललाच नाही.

सोळा उतरलो सकाळी.
पंचांपुढे मी म्हणालो,
एकाच्या जिवावर सोळा घरांच्या चुली.
पंचांनी मान डोलावली. वेस्ताने नाही.

नातवंडं आता कळण्याची भाकरी मोडतात माझ्यासमोर
आणि मला आठवतं :
कंदील आधीच वळले होते चोपड्याकडे.
वेस्ताची पाठ होती तिकडे.

माझी नव्हती.