तट्टा

"प्रतिवादी घरी मिळून आली नाही.
समन्स दारावर चिकटवले."
लांजेवार वकिलानं दोनदा वाचलं.
कोणतं दार, मी म्हटलं.

मायच्या घराले दार नाईच.
बांबूचा तट्टा हाय, रात्री टेकवाचा,
सकाळी आडवा पाडून मोहफुलं वाळवाचे.

फारकत झाली हे राशनच्या दुकानात समजलं.
अंगठा ठेवला, मशीन म्हणे नाव नाई.
हुकुमाले तवा सात महिने झाले होते.

अर्जात खाली लिवलं होतं,
"झालेला उशीर माफ व्हावा."
माफी मी मागाची?
तरी सही केली.

तारखेले तट्टाच नेला, यष्टीच्या टपावर.
साकोलीच्या कोर्टात उभा केला.
"साहेब, याले कागद चिकटत नाई. लावून पाहा.
नांदाचं मलेबी नाई,
पण इचाराले तर पायजे."

कोणी हसलं.
हिवराज हसला नाई.
लग्नाच्या पयल्या उन्हाळ्यात
हा तट्टा त्यानंच इनला होता.

पुढची तारीख भेटली, सतरा.
तट्टा परत आणला.
रात्री लावाले लागते.