अंगठा

साकोलीच्या डॉक्टरीणबाईंनी माझी बोटं
आधी दाबली, मग उजेडात धरली,
मग म्हणाल्या, थंड पाण्यात हात घालायचा नाही
आणि टेन्शन घ्यायचं नाही.
बरं, म्हटलं.
शिंगाड्याची बोडी सोसायटीनं पौषापर्यंत घेतलेली आहे
हे त्यांना सांगून काय करायचं.

रोगाचं नाव चिठ्ठीवर आहे. लांब आहे.
गावात नुसतं म्हणतात, सयत्राची बोटं मरतात.
पहाटे डोंग्यातून वाकून वेल उलटा केला
की आधी करंगळी जाते,
मग तिच्या शेजारची,
सोललेल्या शिंगाड्यासारखी पांढरी.
दातानं चावली तरी दुसऱ्या कुणाची.
काटा घुसलेला घरी गेल्यावर कळतो.

पण पाण्याचं काही नाही, पाणी सवयीचं.
काल रेशनच्या रांगेत चांगलं ऊन होतं,
अंगात पोराचा शाळेतला स्वेटर होता.
गिरधरनं मशीन पुढे सरकवलं,
काचेवर लाल दिवा.
पुसून लाव. लावला. लाल.
दुसरं बोट. लाल.
मागून कुणी म्हणालं,
"काऊन वो, आंगठा घरी इसरली का?"
सगळे हसले. मीही हसले
आणि हसता हसता पाहिलं,
दहाच्या दहा गेली होती.

कौतिकाबाई माझ्या मागे सातवी.
तिचं माझं दोन वर्षं बोलणं नाही,
फाटक्या जाळ्यावरून झालेलं.
ती रांग सोडून आली,
माझे हात ओढले
आणि पदराखाली स्वतःच्या पोटाशी धरले.
पोट गरम, नुकतीच चुलीपासून उठल्यासारखं.
"बरफ हायेस नुसती," एवढंच.
मग कुणाकडे न बघता उभी राहिली.
गिरधर वही चाळत राहिला,
पोत्यावरच्या कुत्र्यानं कूस बदलली,
कुणीतरी खोकलं.

हिरवा दिवा लागला.
मशीन बाईच्या आवाजात काहीतरी बोललं.
कौतिकाबाई वळली तर तिची जागा गेलेली,
ती पार शेवटी जाऊन उभी राहिली.

तांदळाची थैली घेऊन पाळीपर्यंत आले
तेव्हा बोटांत रक्त परतलं,
वारूळ फुटल्यासारखं.
थैली खाली ठेवली, हात काखेत घेतले,
डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचंच.
नखांना तिच्या लुगड्याचा वास होता,
धुराचा, सुकलेल्या झिंग्यांचा.

उद्या पहाटे तिचा डोंगा
माझ्या डोंग्यापासून हाकेवर असेल.
काय हाक मारायची, ते अजून ठरलं नाही.