सुपातले

ऐरोलीच्या खाडीवर, तिवरांच्या अलीकडे,
पहाटे पावणेपाचला आम्ही कोल्हेकुई मोजायला बसतो.
सबनीस मॅडमच्या मांडीवर वही, माझ्या हातात टॉर्च,
आणि पाणी कुठवर चढलं ते सांगायला
दिव्याच्या कोळीवाड्यातला हिराजी, मशेरी लावत.

कोल्हा काकडीला राजी म्हणतात.
इथला राजी चिंबोरीला,
आणि लग्नसराईत हॉलमागच्या बिर्याणीलाही.
तिथेच त्याला कुत्र्यांचं उष्टं मिळालं,
उष्ट्यातून तो ताप.

आधी डोळ्यांना चिपडं. मग नाक वाहायचं.
मग जबडा आपोआप चालायचा, तोंडात काही नसताना,
जसं कुणी जुनं जेवण आठवून चावतंय.
शेवटी भर दुपारी सर्व्हिस रोडवर येऊन
एक जण स्वतःभोवती फिरत राहिला.
लोक म्हणाले, पिसाळला. व्हिडिओ काढले.

सात जागांहून यायची कुई,
ती एका जागेवर आली.
एका पहाटे तीही नाही.
हिराजीने कानात करंगळी फिरवून पाहिली,
त्याला वाटलं, आपलेच कान गेले.

आज चार.

मी म्हटलं, शिकली हो मॅडम, हुशार जात!
कुणी काही शिकलं नाही, चैत्या, त्या म्हणाल्या.
मेले ते मठ्ठ नव्हते.
काहींच्या रक्तात पूर्वीपासून एक खाच चुकलेली होती,
कुलपातली. कुणाच्या कामाची नाही, कुणाला ठाऊक नाही.
तापाची किल्ली तिथे फिरली नाही, इतकंच.
आता पिल्लं त्यांचीच.

आणि ताप?
जो घाईने मारत सुटला,
तो मेलेल्याच्या अंगातच अडकून बसला.
ज्याने जनावराला पंधरा दिवस हिंडू दिलं, तो पुढे गेला.
याला दया म्हणू नकोस, मॅडम म्हणाल्या,
आणि वहीत प्रश्नचिन्ह काढलं.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
आई म्हणायची, नाचणी पाखडताना.

मला रक्ताचं नवल नाही.
येऊरला आमच्या पाड्यावर शिबिर आलं,
तेव्हा माझंही काढलं होतं.
सिकलसेल, अर्धं.
तिथल्या बाईंनी चटईवर बसून सांगितलं:
पूर्वी हिवतापाने पाडेच्या पाडे झोपायचे,
तेव्हा ज्याच्या रक्तात एक विळा, तो उठायचा.
म्हणजे माझा कुणी खापरपणजा उठला,
चुलीपाशी गेला, पेज प्यायला,
म्हणून मी.

रघ्याला दोन विळे मिळाले.
एक आईकडून, एक बापाकडून, दोघंही धडधाकट.
थंडी पडली की गुडघे धरून बसायचा,
ओरडायचा नाही, भिंतीचा पोपडा खरवडायचा.
एकोणिसाव्या वर्षी गेला.
हिवतापाचं देणं त्याने फेडलं,
त्याला हिवताप कधी झालाच नव्हता.

परवा पिंजऱ्यात एक कोल्ही आली.
डोळ्यांवर गोणपाट, वजन साडेआठ किलो, कान गार.
सुई मी टोचली. लाल, जसं असतं तसं.
मी विचारलं, हिच्या पिल्लांत कोण फेडणार?
मॅडमनी बाटलीवर तारीख लिहिली.
मग म्हणाल्या, चारही टोळ्या बहुधा एकाच आजीच्या.
पुढची किल्ली आली, तर कुलूप एकच आहे.

पाणी चढतंय. हिराजी पायातला चिखल झाडतो.
पलीकडे टॉवरचे दिवे एकेक विझतात.
चौथी कुई संपते, आणि तिच्या मागोमाग
एक फाटका, अर्धाच आवाज,
सूर न सापडलेला, या साली जन्मलेला.

हा धरायचा का, मी विचारतो.
मॅडमचं पेन वर थांबतं.
आम्ही तिघंही श्वास रोखून
तो पुन्हा ओरडायची वाट बघतो.