तीनशे सेकंद

रूपेश भगत जाताना म्हणाला,
काका, तुम्हाला काय शिकवायचं!
खरं आहे. चौतीस वर्षं मी कळव्याला
सबस्टेशनात पॅनेलसमोर बसलो.
आता खारेगावच्या घरात, जिन्याखाली,
चपलांच्या रॅकवर एक पांढरी पेटी लुकलुकते
आणि मी डायनिंगची खुर्ची ओढून
तिच्यापुढे बसलोय, चष्मा कपाळावर.

पहिलं ती विचारते, राखीव किती?
म्हणजे काहीही झालं तरी
किती टक्क्यांच्या खाली हात लावायचा नाही.
रूपेशने वीस टाकले होते. मी पन्नास केले.
मंदा म्हणाली, उरलेले पन्नास काय
वर जाताना नेणार?
चाळीसवर तह झाला.

मग बॅकअपवर काय काय घ्यायचं ते.
फ्रीज, हॉलचा पंखा, देवघर, आमच्या खोलीतली ट्यूब,
वायफाय (मंदाच्या बहिणी रोज व्हिडिओवर असतात).
मोटर नाही, सुरू होताना फार ओढते.
आणि ऋजुताची खोली नाही.
ती वापरात कुठे आहे, मी म्हटलं,
आणि तिकडच्या वायरीच्या टोकाला
रूपेशकडून पिवळी टेप लावून घेतली.
मंदा भेंडी चिरत होती. चिरत राहिली.

लोडशेडिंगच्या वर्षांत
एका रात्रीत मी अकरा फीडर बंद केलेत.
लॉगबुकात वेळ टाकायची, खाली सही.
फोन यायचे. एकदा दिव्याहून एक बाई,
साहेब, पोराचा उद्या बारावीचा पेपर आहे.
मी म्हटलं, वरून आदेश आहे.
वर म्हणजे कुठे, तिने विचारलं.
खरंच विचारलं, भांडली नाही.

रात्री मंदा टेपकडे बघून म्हणाली,
हे कोणी सांगितलं?
जीभ सवयीने बोलली, वरून आहे.
वर, ती म्हणाली,
आठ पॅनेलं आहेत. आणि कबुतरं.

शेवटची सेटिंग मात्र मला पटलेली होती.
ग्रिड परत आली की किती थांबू?
तीनशे सेकंद.
गेलेली लाईट धड येत नाही कधी.
येते, जाते, व्होल्टेज उसळतं, कोणाचा तरी फ्रीज जळतो.
पाच मिनिटं नुसतं बघायचं, टिकतेय का,
मग जोडायचं.
बदलापूरला रजिस्टर लग्न करून
ऋजुताने त्या वर्षी दोनदा फोन केला.
मी उचलला नाही. बघत होतो, टिकतंय का.
तीन वर्षांचे सेकंद होतात
नऊ कोटी सेहेचाळीस लाख आठ हजार.
हे मी वर्तमानपत्राच्या कडेला मांडून पाहिलंय.

शनिवारी नाक्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
पूर्ण गल्ली काळी, आमचा पंखा फिरतोय.
तेवढ्यात मंदाच्या मोबाइलवर ती,
आमच्याच वायफायवरून आत आली.
आई, तिकडेही गेलीय का? इकडे सातपासून नाही.
मेणबत्तीत तिचं अर्धंच तोंड दिसत होतं.
अगं, यांनी बॅटरी बसवलीय ना.
राखीव किती ठेवलंय?
चाळीस.
म्हणजे पन्नास होतं, असं म्हणून ती हसली.
मी पंख्याचा वेग कमी केला,
नीट ऐकू यावं म्हणून.
मंदाने मोबाइल माझ्याकडे वळवला नाही,
टेबलावर उभा करून ठेवला, डब्याला टेकवून.
मी म्हणालो, मेणबत्ती पडद्यापासून लांब ठेव.
हो बाबा, ती म्हणाली.

साडेदहाला गल्लीत ओरडा झाला, आली आली!
पेटी मोजायला लागली,
तीनशे, दोनशे नव्व्याण्णव, दोनशे अठ्ठ्याण्णव.
मी दोनशे चाळीसपर्यंत उभा राहिलो,
मग मेन्यू उघडला, साठ केले.
साठच्या खाली पेटी जात नाही.
मीही एकदम जाणार नाही.

टेप अजून तिथेच आहे.
रूपेशला सोमवारी बोलावलंय,
मोटरचं काम आहे, असं सांगून.