दांडी

शाईपेनं आता येतात आठवड्याला एखादं,
तेही कुणा वकिलाच्या कपाटात सापडलेलं.
म्हणून पापाची तिकटी ओलांडून मैमूना मुजावर
पत्र्याच्या डबीत पाइप घेऊन आली,
तेव्हा मी नको म्हटलं नाही.
पेनाची जीभ काय, पाइपाची दांडी काय,
रबर आणि गंधक. एबोनाइटच.

"अब्बांचा," ती म्हणाली. "पण ते ओढत नव्हते."

दांडी हिरवट-पिवळी,
कल्हई उडालेल्या भांड्यात कळकलेल्या ताकासारखी.
नखानं खरवडली तर विझल्या काडीचा वास.
गंधक आत असतो तोवर झळझळीत काळा,
उन्हाला वर आला की हे असं.

दस्तगीरमामा स्टुडिओत सामानवाले.
कंदील, ढाली, वायर नसलेला टेलिफोन,
आणि हा पाइप.
पडद्यावर तो कुणाच्या तोंडात दिसला
की पिटातल्या बाया ओळखायच्या:
हा शहरातला.
आता पोरीचं काही खरं नाही.

दांडी उपसायची नाही, जागेवरच घासायची.
मध्ये आइस्क्रीमच्या झाकणाची चकती,
नाहीतर खांदा गोल होतो,
आणि गेलेली धार कोण परत देणार?
पांढऱ्या ठिपक्यावर व्हॅसलिन.
चारशेचा पाणकागद, मग आठशे, मग दोन हजार,
लांबीच्या अंगानं, हाताला घाई न शिकवता.
वाटीतलं पाणी चिंचेच्या कोळासारखं झालं.
तीनदा बदललं.

दातांच्या खुणा एका माणसाच्या नव्हत्या.
डावीकडे खोल, जमीन लाटणाऱ्याची असावी.
एक अगदी नाजूक, कवळीवाल्या सावकाराची.
लायटरची आच लांबून दाखवली.
एबोनाइटला आपला पहिला आकार आठवतो,
तो फुगून वर येतो.
सगळे खलनायक पुसट होत गेले.
डावीकडचा हटला नाही.

मग तारेला कापूस, कापसाला स्पिरिट.
काळी राळ निघेल म्हणून फडकं धरलं होतं.
निघाली राखाडी भुकटी,
आणि दुकानभर ऊद.
गुरुवारचा, दर्ग्याच्या पायरीवरचा.

मैमूना स्टुलावरून उठली.
"तंबाखूनं नटांना ठसका लागायचा,
रिळं वाया जायची.
अब्बांनी हे घातलं होतं होय?
आणि अम्मी बिचारी म्हणायची,
उदाची पुडी पुरत कशी नाही."

गुजरीतल्या सोनाराची लाल पावडर, फ्लॅनेलचा तुकडा.
दांडीत ट्यूबलाइट सरळ उतरली.
"खिडकीत ठेवू नका," मी म्हटलं.
"तेलाचं बोट अधूनमधून."

तिनं पाइप दातांत धरला,
एक भुवई वर केली,
आणि शहरातल्या माणसाच्या आवाजात विचारलं,
"किती झाले रे तुझे?"

अडीचशे म्हणालो.
ओठाच्या कडेखाली तांदळाएवढा पिवळा डाग राहिला होता,
तिथे कागद पोचत नाही.
ते काही मी बोललो नाही.